सिस्टर सांगत होत्या

७ मार्च २००३, शुक्रवार. एकमेकांपासून तीन हजार किलोमीटरहून लांब असलेल्या कॅनडातल्या दोन शहरांत त्या दिवशी दोन माणसं रुग्णालयाच्या कॅज्युअल्टीत आली. दोघांनाही ताप होता, खोकला होता, धाप लागत होती. दोघांच्या आजाराचं मूळ हाँगकाँगच्या मेट्रोपोल हॉटेलात होतं. फेब्रुवारीच्या २१ तारखेला चीनच्या ग्वांगझो शहरातले एक डॉक्टर त्या हॉटेलच्या नवव्या मजल्यावर मुक्कामाला उतरले होते. आपल्या शहरातल्या विचित्र न्यूमोनियाच्या रुग्णांवर उपचार करता करता ते स्वतः आजारी पडले होते. त्या एका मजल्यावरून हा आजार विमानांत बसला आणि हनोई, सिंगापूर, टोरांटो, व्हँकुव्हर अशा शहरांत पोचला.

व्हँकुव्हरला आलेला माणूस ५५ वर्षांचा होता आणि नुकताच हाँगकाँगहून परतला होता. दक्षिण चीनकडून काहीतरी येऊ शकतं, श्वासाचा त्रास घेऊन कुणी आलं तर आधी प्रवासाची चौकशी करा, अशा सूचना तिथल्या आरोग्य खात्याने आधीच रुग्णालयांना दिल्या होत्या. कॅज्युअल्टीतल्या परिचारिकांना त्या ठाऊक होत्या. काही मिनिटांत त्यांनी त्याला इतरांपासून वेगळं केलं आणि स्वतः एन-९५ मास्क चढवून कामाला लागल्या. त्या रुग्णापासून रुग्णालयात कुणालाही लागण झाली नाही.

टोरांटोच्या स्कारबरो ग्रेस रुग्णालयात आलेला माणूस ४३ वर्षांचा. तो स्वतः कुठेच गेला नव्हता. मेट्रोपोलमध्ये राहून आली होती त्याची ७८ वर्षांची आई, आणि दोनच दिवसांपूर्वी, ५ मार्चला, तिने घरीच प्राण सोडला होता. खाट मिळेपर्यंत तो रात्रभर कॅज्युअल्टीतच पडून राहिला. श्वास मोकळा व्हावा म्हणून त्याला नेब्युलायझर दिला गेला, आणि शेजारच्या खाटांवरच्या रुग्णांपर्यंत, तिथे राबणाऱ्या सिस्टरांपर्यंत आजार पोचला. १३ मार्चला तो गेला. आदल्याच दिवशी जागतिक आरोग्य संघटनेने जगाला सावधगिरीचा इशारा दिला होता. १५ मार्चला या आजाराला नाव मिळालं: सार्स.

साथ आली की एक प्रश्न हमखास विचारला जातो. जीव धोक्यात घालून या बायका कामावर जातात तरी कशाच्या बळावर? आपल्याकडे त्याचं उत्तर तयार असतं: सेवाभाव. टोरांटोच्या त्या वसंत ऋतूची हकीकत तपशिलात पाहिली की हे उत्तर अपुरं वाटू लागतं. सेवाभाव त्यांच्याकडे मुबलक होता. वरच्यांकडे मात्र त्यांचं म्हणणं ऐकून घ्यायची तयारी नव्हती, आणि त्याची किंमत पुढे सगळ्या शहराने मोजली.

आधी थोडं मागे जायला हवं. १९९०च्या दशकात ऑन्टारिओ प्रांताच्या सरकारने खर्चकपात हाती घेतली. रुग्णालयांचं विलीनीकरण झालं, काही बंद पडली, हजारो परिचारिकांच्या नोकऱ्या गेल्या. १९९७ साली प्रांताचे प्रमुख माइक हॅरिस यांनी या परिचारिकांची तुलना हुला हूपच्या कारखान्यातल्या कामगारांशी केली. कमरेभोवती फिरवायच्या त्या प्लास्टिकच्या कड्याची फॅशन संपली तशी कामगारांना दुसरं काम शोधावं लागलं, हेही तसंच, असा त्यांचा मुद्दा होता. ते वाक्य परिचारिका कधीच विसरल्या नाहीत. कित्येक जणी सरहद्द ओलांडून अमेरिकेत नोकरीला गेल्या. राहिल्या त्यांतल्या मोठ्या हिश्श्याला अर्धवेळ किंवा ‘बोलावलं तर या’ अशा स्वरूपाचं काम मिळालं. एका रुग्णालयाच्या पगारात घर चालत नाही म्हणून दोन-दोन, तीन-तीन ठिकाणी पाळ्या करणं रोजचंच झालं. परिचारिकांच्या प्रांतिक संघटनेच्या कार्यकारी संचालक डोरिस ग्रिनस्पन मागणी करत होत्या की किमान ७० टक्के परिचारिका पूर्णवेळ नोकरीत हव्यात. साथीच्या आधी ही मागणी कामगार संघटनेच्या घासाघिशीसारखी वाटायची. साथ आल्यावर तिचा दुसरा अर्थ उघडा पडला. एकच सिस्टर सकाळी एका रुग्णालयात आणि रात्री दुसऱ्या रुग्णालयात असेल, तर विषाणूला वेगळं वाहन कशाला लागतं?

दुसरी गोष्ट मास्कची. एन-९५ मास्क चेहऱ्याला घट्ट बसला तरच उपयोगाचा. कुठल्या चेहऱ्याला कुठल्या मापाचा, कुठल्या बनावटीचा मास्क बसतो, कडेने हवा आत शिरते का, याची प्रत्येक माणसागणिक चाचणी घ्यावी लागते. ऑन्टारिओच्या नियमांत ती १९९३ पासून सक्तीची होती, पण ती कागदावर राहिली होती. मार्च २००३ मध्ये बहुतेक परिचारिकांच्या हाती मास्क पडला तो या चाचणीविना आणि शिकवण्याविना.

मार्चच्या अखेरीस स्कारबरो ग्रेसचे कर्मचारीच एकामागून एक तापाने आडवे होऊ लागले आणि रुग्णालय बंद करावं लागलं. २६ मार्चला प्रांतात आणीबाणी जाहीर झाली. टोरांटो परिसरातल्या सगळ्या रुग्णालयांनी भेटायला येणाऱ्यांना दारं बंद केली, तातडीच्या नसलेल्या शस्त्रक्रिया पुढे ढकलल्या. शहराच्या आरोग्य अधिकारी होत्या डॉ. शीला बसरूर, भारतातून तिथे स्थायिक झालेल्या कुटुंबातल्या. रोज पत्रकारांसमोर उभं राहून जे माहीत आहे तेवढंच शांतपणे सांगायची त्यांची रीत लोकांना धीर देत होती.

स्कारबरोच्या आजारी कर्मचाऱ्यांना ठेवायचं कुठे, हा मोठाच पेच होता. शेवटी वेस्ट पार्क या जुन्या क्षयरोग रुग्णालयातला बंद पडलेला विभाग उघडला गेला. तिथे जायला स्वेच्छेने कोण तयार आहे, अशी विचारणा झाली आणि काही सिस्टर पुढे आल्या. त्यांतल्या एकीचं वय ५८ होतं. नोकरीची बरीच वर्षं मागे पडली होती, ती सहज नाही म्हणू शकली असती. ती आपल्याच पेशातल्या आजारी माणसांची शुश्रूषा करायला गेली आणि तिला लागण झाली. तिच्याकडून ती तिच्या नवऱ्याला झाली आणि तिच्या आधी तो गेला. जुलैमध्ये तीही गेली. तिच्याबद्दल वाचताना दर वेळी मला वाटतं की ‘सेवाभाव’ हा शब्द आपण फार स्वस्तात वापरतो. ती गेली होती सहकाऱ्यांसाठी. त्या दिवसांच्या कहाण्यांत हे पुन्हा पुन्हा दिसतं. मी गेले नाही तर माझी पाळी माझ्या मैत्रिणीला करावी लागेल, हा विचार घरी बसू देत नव्हता.

घरची स्थिती निराळीच. रुग्णाच्या संपर्कात आलेल्या परिचारिकांना ‘कामापुरतं विलगीकरण’ लागू झालं. घरातून रुग्णालयात आणि रुग्णालयातून घरी, मध्ये कुठे थांबायचं नाही. बस नाही, मेट्रो नाही. दिवसातून दोनदा ताप मोजायचा, घरातही मास्क घालायचा, वेगळ्या खोलीत झोपायचं, ताट-वाटी वेगळी. आपल्या आज्या-पणज्यांनी विटाळाच्या नावाखाली सोसलेलं वेगळेपण ज्यांनी ऐकलंय त्यांना हे चित्र चटकन डोळ्यांपुढे येईल. फरक एवढाच की इथे कारण खरं होतं, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच धोक्यात पुन्हा जायचं होतं. शेजारी टाळू लागले. आई सिस्टर आहे म्हणून मुलांना वाढदिवसाची बोलावणी येईनाशी झाली.

त्यात पैशाची एक जखम. माणसं कमी पडू लागली तेव्हा रुग्णालयांनी एजन्सीमार्फत परिचारिका आणल्या आणि त्यांना कितीतरी चढ्या दराने पैसे दिले. त्याच वॉर्डात, त्याच रुग्णापाशी, वर्षानुवर्षं तिथे राबलेली सिस्टर नेहमीच्याच पगारावर उभी होती. काही रुग्णालयांत जादा भत्ता मिळाला, काहींत मिळाला नाही. जास्त पैसे मिळावेत ही अपेक्षा गौण होती. शेजारी उभ्या असलेल्या दोघींच्या जिवाची किंमत वेगळी धरली जातेय, हे त्यांना लागलं.

एप्रिलच्या १३ तारखेला सनीब्रूक रुग्णालयात एका रुग्णाच्या घशात नळी घालावी लागली. रुग्ण स्वतः डॉक्टर होता. हे काम लांबलं, अवघड गेलं. खोलीतल्या सगळ्यांनी मास्क, झगे, हातमोजे घातले होते, तरीही अनेकांना लागण झाली. साहित्य असणं आणि संरक्षण असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे त्या दिवशी लख्ख दिसलं. आजार थेंबांतून पसरतो की हवेतून, साधा शस्त्रक्रियेचा मास्क पुरतो की एन-९५च हवा, यावर तज्ज्ञांत वाद चालू होता. परिचारिकांच्या संघटना म्हणत होत्या की वाद मिटेपर्यंत थांबू नका, जास्तीत जास्त संरक्षण द्या. त्यांच्या या म्हणण्याकडे बहुतेक ठिकाणी कानाडोळा झाला.

तरीही एप्रिल संपता संपता साथ ओसरली. जागतिक आरोग्य संघटनेने २३ एप्रिलला टोरांटोला जाणं टाळा असा सल्ला दिला होता, तो आठवड्याच्या आत मागे घेतला. शहराचा पर्यटन-व्यवसाय बसला होता, हॉटेलं ओस पडली होती, सगळ्यांनाच हे संपायला हवं होतं. १७ मे रोजी आणीबाणी उठली. रुग्णालयांतले निर्बंध सैल झाले, मास्क उतरले.

आता नॉर्थ यॉर्क जनरल. माझ्या मते या सगळ्या हकीकतीचं मर्म याच रुग्णालयाच्या तीन आठवड्यांत आहे.

मेच्या सुरुवातीपासून तिथल्या परिचारिकांना काहीतरी खटकत होतं. अस्थिरोग विभागात हाड मोडून आलेल्या, शस्त्रक्रिया झालेल्या वृद्धांना न्यूमोनिया होत होता. शस्त्रक्रियेनंतर वृद्धांना न्यूमोनिया होणं नवलाचं नाही, हे कुठल्याही सिस्टरला माहीत असतं. पण इतक्या जणांना, इतक्या जवळजवळ? एका कुटुंबातली अनेक माणसं एकाच सुमाराला श्वासाचा त्रास घेऊन आली. त्याआधी मनोरुग्ण विभागातही असेच ताप दिसले होते. आणि खुद्द परिचारिका आजारी पडू लागल्या होत्या.

त्यांनी ते सांगितलं. एकदा नाही, अनेकदा, निरनिराळ्या विभागांतून. सार्स परत आला असं वाटतंय, आम्हाला मास्क घालू द्या. उत्तर येत राहिलं की या रुग्णांचा सार्सच्या कुणा ज्ञात रुग्णाशी संबंध सापडत नाही, म्हणजे हा सार्स नाही. त्या काळी सार्स ठरवण्याच्या निकषात ‘ओळखीचा दुवा’ लागायचा: चीनचा प्रवास तरी, नाहीतर माहीत असलेल्या रुग्णाचा संपर्क. दुवा न सापडलेला रुग्ण कागदावर सार्सचा नव्हताच. दुवा मुळात शोधायचा राहिला असेल, ही शक्यता कागदाला कळत नाही. खाटेशी आठ-आठ, बारा-बारा तास उभ्या असलेल्या बाईला ती कळते. मेच्या तिसऱ्या आठवड्यात कॅज्युअल्टीच्या परिचारिकांची बैठक घेऊन त्यांना पुन्हा धीर दिला गेला की घाबरू नका, हा सार्स नाही.

त्यानंतर काहीच दिवसांत, २३ मेच्या शुक्रवारी, नॉर्थ यॉर्क जनरलने नवे रुग्ण घेणं थांबवलं. सेंट जॉन्स या पुनर्वसन रुग्णालयात काही जणांना सार्स निघाला होता, आणि त्याचा माग काढत काढत अधिकारी याच अस्थिरोग विभागापर्यंत येऊन पोचले होते. आजार कधी गेलेलाच नव्हता. एका वृद्ध रुग्णाच्या निमित्ताने तो आठवडेच्या आठवडे त्या वॉर्डात फिरत राहिला होता, आणि ज्यांनी ते आधी ओळखलं त्यांच्या चेहऱ्यावर मास्क नव्हता.

या दुसऱ्या फेरीत ११८ जणांना लागण झाली. पहिल्या फेरीतल्या २५७ धरून प्रांतात एकूण ३७५ रुग्ण झाले, ४४ जण दगावले. रुग्णांतले जवळपास ४५ टक्के आरोग्य कर्मचारी होते. जगभरात सार्सचे ८,०९६ रुग्ण आणि ७७४ मृत्यू नोंदले गेले, त्यांत आरोग्य कर्मचाऱ्यांचं प्रमाण साधारण २१ टक्के. ऑन्टारिओचा आकडा त्याच्या दुप्पट. नॉर्थ यॉर्कच्या अस्थिरोग विभागातली ५१ वर्षांची एक सिस्टर, मूळची फिलिपिन्सची, जूनच्या शेवटी गेली. ऑगस्टमध्ये एक डॉक्टर गेले. ऑन्टारिओत सार्सने घेतलेले आरोग्य कर्मचारी तीन, त्यांतल्या दोघी परिचारिका.

ज्या जगल्या त्यांचं काय झालं? टोरांटोच्या माउंट सायनाय रुग्णालयातले मानसोपचारतज्ज्ञ रॉबर्ट माँडर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी साथ संपल्यावर १३ ते २६ महिन्यांनी ७६९ आरोग्य कर्मचाऱ्यांचा अभ्यास केला. काही टोरांटोतले, ज्यांनी सार्सचे रुग्ण सांभाळले होते. काही जवळच्या हॅमिल्टन शहरातले, जिथे सार्स आलाच नाही. टोरांटोच्या कर्मचाऱ्यांत थकवा आणि मानसिक त्रास जास्त होता, आणि रुग्णांशी संपर्क कमी केलेले, कामाचे तास घटवलेलेही जास्त होते. म्हणजे साथीच्या ऐन भरात पाय मागे न घेणारी माणसं साथ संपल्यावर हळूहळू मागे सरकली. कोण तगलं, यातही एक दुवा सापडला. आपल्याला पुरेसं शिकवलं गेलं, आपल्याला आधार मिळाला, असं ज्यांना वाटत होतं त्यांना झळ कमी बसली. धैर्य सगळ्यांकडेच होतं, तेव्हा फरक धैर्याने पडला असं म्हणता येत नाही.

प्रांताने न्यायमूर्ती आर्ची कॅम्पबेल यांचा चौकशी आयोग नेमला. शेकडो लोकांशी बोलून आयोगाने जो अहवाल तयार केला त्याचं नाव ‘भीतीचा वसंत’ अशा अर्थाचं आहे. जानेवारी २००७ मध्ये तो लोकांपुढे आला. चौकशी अहवाल सहसा कोरडे असतात, हा तसा नाही. परिचारिकांनी काय पाहिलं, कुणाला सांगितलं, काय उत्तर मिळालं, हे त्यात पानोपानी आहे. कॅम्पबेल यांनी व्हँकुव्हर आणि टोरांटो शेजारी ठेवून पाहिले. व्हँकुव्हरचं दैव बरं होतं, हे त्यांनी मान्य केलं, पण तिथे कामगारांची सुरक्षा आणि रुग्णांची सुरक्षा एकाच गाठीत बांधलेली होती, हेही दाखवलं. त्यांची मुख्य शिफारस एका तत्त्वाची होती: धोका कमी करायला शास्त्रीय खात्रीची वाट पाहू नका. परिचारिका २००३ च्या वसंतात अगदी हेच म्हणत होत्या. अहवालानंतर काही महिन्यांतच, एप्रिलमध्ये, कॅम्पबेल वारले.

काही गोष्टी बदलल्या. मास्कच्या मापाच्या चाचण्या नेमाने होऊ लागल्या. सार्सच्या धड्यातून २००४ साली कॅनडाची राष्ट्रीय सार्वजनिक आरोग्य संस्था उभी राहिली. ऑन्टारिओने पुढच्या साथीसाठी सुमारे साडेपाच कोटी एन-९५ मास्क विकत घेऊन गोदामांत ठेवले. न्यायालयात मात्र परिचारिकांना दाद मिळाली नाही. सार्सची लागण झालेल्या ५३ जणींनी प्रांताच्या सरकारवर दावा लावला होता. २००९ मध्ये अपील न्यायालयाने तो चालू शकत नाही असं ठरवलं. सरकारचं कर्तव्य सगळ्या जनतेच्या आरोग्याशी आहे, एका गटातल्या कर्मचाऱ्यांना ते वेगळं बांधील नाही, असा त्या निकालाचा आशय. कायद्याच्या चौकटीत तो बरोबरही असेल. ज्यांची फुप्फुसं कायमची अधू झाली होती त्यांनी तो कसा वाचला असेल, हा विचार माझ्या मनातून जात नाही.

गोदामातल्या मास्कना मुदत असते. ती संपली, पण नवे भरले गेले नाहीत. प्रांताच्या महालेखापरीक्षकांनी २०१७ मध्येच लिहून ठेवलं होतं की साठ्यातला ८० टक्के माल मुदतबाह्य झाला आहे. मग २०२० उजाडलं आणि कोरोनाची साथ आली.

२२ मार्चच्या संध्याकाळी पाच वाजता आपण इथे बाल्कन्यांत, गॅलऱ्यांत, चाळींच्या कठड्यांशी उभे राहून थाळ्या वाजवल्या. टोरांटोतही लोक संध्याकाळी टाळ्या वाजवत, भांडी बडवत उभे राहत होते. त्या टाळ्यांत खोट नव्हती. पण त्या प्रांतातल्या परिचारिकांच्या डोक्यावर आदल्याच वर्षी झालेला एक कायदा होता, ज्याने सरकारी पैशावर चालणाऱ्या संस्थांतल्या कर्मचाऱ्यांची पगारवाढ तीन वर्षं वर्षाला एक टक्क्यावर बांधून ठेवली होती. साथभर तो कायदा तसाच राहिला. नोव्हेंबर २०२२ मध्ये न्यायालयाने तो घटनाबाह्य ठरवला आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये अपील न्यायालयानेही ते कायम केलं. तोवर कितीतरी जणी नोकरी सोडून गेल्या होत्या. कॅम्पबेल आयोगात सल्लागार असलेले मारियो पोसामाई यांनी २०२०च्या ऑक्टोबरमध्ये परिचारिकांच्या राष्ट्रीय महासंघासाठी नवा अहवाल लिहिला. त्याचं नावही जुन्या अहवालाची आठवण करून देणारं होतं, फक्त ‘वसंत’च्या जागी ‘काळ’ आला होता.

त्याआधी, साथीच्या पहिल्याच वसंतात, ऑन्टारिओच्या वृद्धाश्रमांत माणसं धडाधड मरत होती. काही आश्रमांत एन-९५ मास्क कुलपात होते, आणि ते कुणाला द्यायचे हे व्यवस्थापन ठरवत होतं. परिचारिकांची संघटना न्यायालयात गेली. २३ एप्रिल २०२० रोजी न्यायमूर्ती एडवर्ड मॉर्गन यांनी निकाल दिला. रुग्णाच्या खाटेशी उभ्या असलेल्या परिचारिकेला स्वतःच्या अनुभवावरून आणि अंदाजावरून एन-९५ची गरज वाटली, तर तो तिला मिळाला पाहिजे. धोका किती आहे हे त्या जागी तीच ठरवेल.

नॉर्थ यॉर्कच्या अस्थिरोग विभागातल्या सिस्टर मे २००३ मध्ये एवढंच मागत होत्या.